एकसष्ट खोटे निकाल

"विम्यात बसतं का?" या तीन शब्दांनी डॉ. अश्लेषा जगदाळेला गेली दोन वर्षं सळो की पळो करून सोडलं होतं. डॉक्टर विचारायचे, इस्पितळांचे मॅनेजर विचारायचे, बंगळुरूचे गुंतवणूकदार तर नमस्काराच्या आधी विचारायचे. चाचणी चांगली आहे हो, कोण नाही म्हणतंय? पण विम्यात बसतं का? बसत नव्हतं. आणि विम्यात बसत नाही म्हटल्यावर आपल्याकडची कुठली बाई स्वतःच्या तोंडासाठी सातशे रुपये मोडणार आहे? नवऱ्याच्या गुडघ्यासाठी मोडेल, नातवाच्या चष्म्यासाठी मोडेल. स्वतःचा विषय निघाला की "मला काय धाड भरलीय" म्हणून मोकळी होईल.

२०३८च्या फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, आरोग्य कवच मंडळाचं पत्र कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या तिच्या कंपनीच्या शेडवर येऊन पोचलं. कोणती तपासणी सरकारी विम्याच्या यादीत घ्यायची आणि कोणती नाही, हे ठरवणारं हे मंडळ. पत्र उघडलं मोहसीन शिकलगारने. मोहसीन अश्लेषाचा मिरजेतल्या शाळेपासूनचा मित्र आणि कंपनीतला निम्मा भागीदार. विज्ञान तिचं, व्यवहार त्याचा, आणि भांडणं दोघांची, अशी वाटणी होती.

"नकार आहे?" अश्लेषाने विचारलं.

"नकार नाही. त्याहून वाईट. अट आहे."

आता ही चाचणी काय होती ते सांगायला हवं. तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशी रोज झडत असतात. घोटभर पाण्याने अर्धा मिनिट खळखळून गुळणी केली की त्यातल्या हजारो पेशी पाण्यात उतरतात. प्रत्येक पेशीत जनुकं असतात आणि त्यातली काही राखणदाराचं काम करतात. पेशी बेताल वाढायला लागली की तिला आवरतात. तंबाखूतली रसायनं वर्षानुवर्षं मुरत राहिली की या राखणदार जनुकांवर बारीक रासायनिक खुणा चिकटत जातात आणि ती गप्प होतात. बटणावर चिकटपट्टी लावून टाकावी तसं. कर्करोगाची गाठ दिसायच्या वर्ष-दीड वर्ष आधी या खुणा वाढलेल्या असतात. अश्लेषाचं यंत्र पाण्यातल्या पेशींवरच्या खुणा मोजायचं आणि शून्य ते शंभरमध्ये गुण द्यायचं. चाळीसच्या पुढे गेलं की धोका. सुई नाही, चिरफाड नाही, नुसती गुळणी.

मंडळासाठी गेल्या दोन वर्षांत बाराशे लोकांवर अभ्यास झाला होता. त्यातल्या शंभर रोग्यांपैकी जवळजवळ सगळे यंत्राने बरोबर ओळखले. घोडं अडलं ते दुसरीकडे. अकराशे निरोगी माणसांपैकी एकसष्ट जणांना यंत्राने धोका दाखवला आणि दंतवैद्यांना त्यांच्या तोंडात काहीच सापडलं नाही. एकसष्ट खोटे निकाल. योगायोग असा, की सगळ्याच्या सगळ्या बायका.

"शंभरात तीन खोटे निकाल चालतील म्हणतायत, आपले साडेपाच होतात," मोहसीन म्हणाला. "चाळीसची रेघ बासष्टवर न्या, म्हणजे खोटे निकाल निघून जातील, लगेच यादीत घेतो. बारा मार्चला सुनावणी आहे. अशू, हे अर्ध्या तासाचं काम आहे."

"रेघ वर नेली की लवकरचे रोगीपण सुटतील."

"थोडे सुटतील. आणि नाही नेली तर कंपनी सुटेल. चौतीस माणसांचा पगार आहे, चाळीस दिवसांपुरते पैसे आहेत. बंगळुरूवाले म्हणतायत आधी यादीत नाव, मग चेक. तू सांग मला, शेडला कुलूप लागल्यावर कुठली बाई वाचणार आहे?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अश्लेषाला राग आला तो याचाच. तिने संगणक ओढला, रेघ चाळीसवरून बासष्टवर नेली आणि कोण कोण धोक्याच्या यादीतून गळतंय ते बघायला लागली. नावं नव्हती, नुसते क्रमांक. पण सातवा क्रमांक तिला तोंडपाठ होता, कारण ती गुळणी तिने स्वतः घेतली होती. क्रमांक सात, एकावन्न गुण. तिची मालनवहिनी. रेघ वर गेल्याबरोबर वहिनी निरोगी झाली होती.

अश्लेषा नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. त्याच वर्षी वीस वर्षांची मालन थोरल्या भावाची बायको होऊन माळेवाडीच्या घरात आली आणि आल्या आल्या हिच्या वेण्या घालायला बसली. हिच्या परीक्षा, हिची आजारपणं, हिचं पुण्याचं कॉलेज, सगळं तिने उरावर घेतलं. अभ्यासात तिचे एकावन्न गुण आले तेव्हा अश्लेषाला रात्रभर झोप लागली नव्हती. मग दंतवैद्याने "काही नाही" म्हटलं आणि अश्लेषानेच हसत वहिनीला सांगितलं होतं, "यंत्र चुकलं गं. घाबरू नकोस."

"मी उद्या सकाळी माळेवाडीला जाऊन येते," ती म्हणाली.

"आणि रेघ?"

"आल्यावर."

मोहसीनने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी साडेसातलाच ती माळेवाडीत पोचली. भाऊ रोपवाटिकेत पाणी सोडायला गेलेला. मालनवहिनी परसात, धुण्याच्या दगडापाशी उकिडवी बसली होती. डाव्या तळव्यावर काळी भुकटी, उजव्या हाताचं पहिलं बोट तोंडात, आणि सगळं कसं सावकाश, निवांत चाललेलं.

"आलीस व्हय? अगं, फोन तरी करायचास. थांब, चूळ भरते."

अश्लेषा जागच्या जागी उभी राहिली. हे दृश्य तिने जन्मात हजार वेळा पाहिलं होतं. तव्यावर तंबाखू भाजली जायची तेव्हा खोकत बाहेर पळणाऱ्या पोरांत तीही असायची. तीच जळकी तंबाखू कुटून, चाळून डबीत भरायची, ती मिश्री. आजीही लावायची, चुलतीही लावायची.

"वहिनी, फॉर्म भरताना तुला विचारलं होतं ना, तंबाखूचं काही व्यसन आहे का?"

"विचारलं की. न्हाई म्हणून सांगितलं."

"मग हे काय?"

"ही मिश्री हाय!" वहिनीला खरंच नवल वाटलं. "व्यसन तुझ्या दादाला. मी दात घासतीया. हिच्याबिगर माझं पोट साफ हुईत न्हाई. आणि त्या पोरीनं कागद वाचून दावला, गुटखा, चुना-तंबाकू, बिडी, शिग्रेट. त्यात मिश्री कुठं होती?"

नव्हती. तो कागद अश्लेषानेच केला होता. पहिल्या मसुद्यात शेवटी "इतर" असा एक रकाना होता. लोक त्यात वाट्टेल ते भरतात, आकडेवारीचा चिवडा होतो, म्हणून तिनेच तो काढून टाकला होता. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या मांडीवर वाढलेली मुलगी, अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आली, आणि तिच्या कागदावर मिश्रीला जागा नव्हती!

पुढचं सगळं मग आपोआप उलगडत गेलं. अभ्यासाचा नियम होता: यंत्राने धोका दाखवला आणि माणसाला तंबाखूची सवय असेल, तर संशयाच्या जागेचा तुकडा काढून तपासायचा. सवय नसेल तर दंतवैद्याने बॅटरी मारून बघायचं आणि सोडून द्यायचं. निर्व्यसनी बाईला उगाच कशाला टोचा? कागदावर किती शहाणपणाचं वाटत होतं! एकसष्ट बायकांनी "सवय नाही" सांगितलं आणि एकसष्ट बायका बॅटरी मारून घरी पाठवल्या गेल्या.

"खालचा ओठ ओढ बघू," अश्लेषा म्हणाली. सकाळच्या उन्हात तिने वाकून पाहिलं. हिरडी आणि ओठ यांच्यामधल्या खाचेत, जिथे बोट रोज फिरतं नेमकं तिथे, वाटाण्याएवढा पांढुरका चट्टा होता.

"काय दिसतंय का?" वहिनीने ओठ सोडून विचारलं.

"दिसतंय. आजच्या आज मिरजेला चल. यंत्र नव्हतं चुकलं, वहिनी. मी चुकले."

तुकड्याचा अहवाल पाच दिवसांनी आला. कर्करोग. अगदी सुरुवातीचा, अस्तराच्या आतच थांबलेला. लहानशी शस्त्रक्रिया केली की काम भागणार होतं. अश्लेषा इस्पितळाच्या जिन्यात बसून ढसाढसा रडली, मग तोंड धुऊन शेडवर गेली आणि रेघ पुन्हा चाळीसवर आणून ठेवली.

"साठ बायका अजून बाहेर आहेत," ती मोहसीनला म्हणाली. "एकेकीचं तोंड पुन्हा तपासायचं. सुनावणीच्या आधी."

"खर्च?"

"दोनातलं एक यंत्र विकून टाक."

मोहसीनने तिच्याकडे टक लावून पाहिलं. ते यंत्र त्याने तीन वर्षं खेटे घालून मिळवलं होतं. "मालनवहिनीच्या हातचं जेवलोय मी," तो शेवटी म्हणाला. "विकतो. पण बायका येतील?"

येईनात. एकदा "काळजीचं कारण नाही" असं पत्र पाठवल्यावर त्यांनी का यावं? अश्लेषा दारात उभी राहून जनुकं समजावून सांगायची आणि आतून उत्तर यायचं, "आमच्यात कुणी तंबाकू खात न्हाई." पहिल्या दिवशी नऊ घरं फिरून एकच बाई तयार झाली. दुसऱ्या दिवशी मालनवहिनी स्वतःच गाडीत येऊन बसली.

"वहिनी, तुझं ऑपरेशन—"

"डाक्टर म्हणाला का न्हाई, म्हैना-दीड म्हैना थांबलं तरी चालतंय? मग गप गाडी हाण. तू बोलतीस ते बायास्नी कळत न्हाई."

वहिनी दारात थांबायचीच नाही. सरळ आत स्वयंपाकघरात जायची, "पाणी दे गं" म्हणून बसकण मारायची, आणि इकडचं तिकडचं झाल्यावर सहज म्हणायची, "मिश्री कुठं भाजतीस? वास येत न्हाई घरात." की बाई बोलायला लागायची. कुणी फळीमागची डबी काढून दाखवायची, कुणी सुनेची चोरून लावायची सवय सांगायची. मग वहिनी म्हणायची, "मलाबी हितं झालंय," आणि इस्पितळात यायचा दिवस ठरवूनच उठायची. दोन आठवड्यांत बावन्न जणी इस्पितळात येऊन गेल्या. सात जणींनी शेवटपर्यंत दाद दिली नाही.

उरली एक. क्रमांक तीनशे अकरा, हौसाबाई लोंढे. तिच्या घरी गेल्या तेव्हा तिचा नवरा ओट्यावर दोरी वळत बसला होता. हौसाबाई चार महिन्यांपूर्वी वारली होती.

"कशानं?" अश्लेषाने विचारलं, पण तिला कळून चुकलं होतं.

"तोंडात झालं हुतं. गालातनं बाहेर आलं. शेवटी पाणीबी गिळंना." म्हातारा उठून आत गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आला. "आम्ही म्हटलं दावूया मोठ्या डाक्टरला. पण ती म्हणाली, कंपनीचं पत्र आलंय, काय न्हाई म्हणून. हे बघा. ही सही कुणाची?"

आमच्या यंत्राने आपल्याला दाखवलेला धोका चुकीचा ठरला आहे, काळजीचे कारण नाही. खाली सही.

"माझी," अश्लेषा म्हणाली.

म्हाताऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शिव्या घालेल असं तिला वाटलं. घालाव्या असंही वाटलं. "तुमचं यंत्र खरं बोललं हुतं म्हणायचं," तो म्हणाला आणि पुन्हा दोरी वळायला बसला. तिने विचारलं, हे पत्र मी घेऊन जाऊ का? त्याने मान डोलावली.

बारा मार्चला पुण्यात, मंडळाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर मोहसीनने तिला शेवटचं समजावलं. आकडे खणखणीत होते. बावन्नपैकी चव्वेचाळीस जणींच्या तोंडात बदल सापडला होता. सात जणींना कर्करोग, बाकीच्या त्याच्या उंबरठ्यावर. खोटे निकाल शंभरात दोनच्याही खाली आले होते. अडचण एकच होती.

"हे बघ, नियम सरळ आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "आपण घरोघरी पाठवलेल्या सर्वेक्षण संस्थेने फॉर्म नीट भरले नाहीत, असं म्हटलं तर ती नोंदीची चूक. दुरुस्ती करून फाईल आजच पुढे जाते. अभ्यासाची आखणीच चुकली म्हटलंस, तर नवा अभ्यास. दोन वर्षं. आपल्याकडे दोन आठवडे आहेत. ती संस्था तर बंद पडली, अशू. कुणाचं काही जाणार नाही."

"ज्या पोरी दारोदार फिरल्या त्यांचं जाईल. त्यांनी मी दिला तोच कागद वाचून दाखवला."

"चौतीस घरं आहेत आपल्यावर."

"माहीत आहे रे. तुझ्यासकट पस्तीस."

तो उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

मंडळाच्या अध्यक्ष डॉ. वसुधा टिल्लू चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी नवे आकडे दोनदा वाचले. "काम उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "प्रश्न एवढाच आहे, की आधी चूक कोणाकडून झाली?"

अश्लेषा उभी राहिली.

"माझ्याकडून. फॉर्म मी केला. 'इतर'चा रकाना मी काढला. सवय नसलेल्यांचा तुकडा तपासायचा नाही, हा नियमही माझाच. यंत्र बरोबर होतं, मी त्याला खोटं ठरवलं." तिने हौसाबाईंचं पत्र टेबलावर ठेवलं. "या बाई गेल्या. पत्रावर माझी सही आहे. तुम्ही मला रेघ बासष्टवर न्यायला सांगितलीत. यांचे गुण अठ्ठावन्न होते, माझ्या वहिनीचे एकावन्न. बासष्टवर या दोघी निरोगी ठरतात. रेघ मी हलवणार नाही. फाईल बंद करायची असेल तर करा. मी पुन्हा येईन. कंपनी नसली तरी येईन."

डॉ. टिल्लूंनी पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"नियमाने नवा अभ्यास करावाच लागेल," त्या म्हणाल्या. मोहसीनने डोळे मिटले. "पण अभ्यास चालू असताना तात्पुरतं कवच देण्याचं एक कलम आहे. फारसं कुणी वापरत नाही, कारण अटी जाचक आहेत. दोन जिल्हे, एक वर्ष. एका चाचणीला सातशे नाही, तीनशे नव्वद मिळतील. अभ्यासाचा प्रमुख बाहेरचा असेल, तुम्ही नाही. आणि जुन्या अभ्यासातली चूक तुमच्या नावानिशी प्रसिद्ध होईल. रेघ चाळीसच राहील."

"मान्य आहे," अश्लेषा म्हणाली. तिने मोहसीनकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर मोहसीनने मोबाइलवर आकडेमोड केली. "तीनशे नव्वदमध्ये जमवायचं तर महिन्याला नऊ हजार बायका यायला हव्यात. नऊ हजार, अशू! नाव छापून आल्यावर लोक आपल्याला दारात उभं करतील का?"

"नको करू देत. शाळेच्या पटांगणात उभं राहू."

पहिलं शिबिर एप्रिलच्या पहिल्या रविवारी, माळेवाडीपासून चार कोसांवरच्या एका गावात लागलं. प्रमुख आता सोलापूरचे एक प्राध्यापक होते, त्यामुळे अश्लेषाच्या वाट्याला आली फॉर्म भरणाऱ्याची खुर्ची. नव्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता: मिश्री लावता का? रोज किती वेळा, किती वर्षं? शेजारच्या खुर्चीवर मालनवहिनी. शस्त्रक्रियेला आठ दिवस झाले होते, खालचा ओठ सुजलेला, टाके ओले, पंधरा दिवस बोलायचं नाही अशी डॉक्टरची ताकीद. घरी थांब म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं होतं. ऐकेल तर ती मालनवहिनी कसली!

दीडशेएक बायका जमल्या होत्या, पण पदर तोंडाला. ज्या कंपनीने चुकीची पत्रं धाडली तीच ही, हे पेपरात वाचून झालेलं होतं. पहिली बाई टेबलाशी आली. साठीची, काटक.

"मिश्री लावता?"

"न्हाई."

दुसरी. "न्हाई बाई." तिसरी, चौथी. "आमच्यात न्हाई." अश्लेषा "नाही" लिहीत गेली. पाचव्या बाईच्या बोटाचं टोक काळं होतं आणि तरी ती म्हणाली, "न्हाई."

मालनवहिनी उठली. टेबलाला वळसा घालून रांगेसमोर गेली. बोलता तर येत नव्हतं. तिने दोन्ही हातांच्या चिमटीत खालचा ओठ धरला आणि उलटा करून दाखवला. काळ्या दोऱ्याचे सात टाके, लालबुंद हिरडी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तिने ओठ सोडला नाही. पहिल्या बाईपुढे थांबली, दुसरीपुढे थांबली, तशी सगळ्या रांगेपुढून शेवटपर्यंत गेली आणि तशीच परत आली. मग काळं टोक असलेल्या बाईचा हात धरून, आपलं उजवं बोट तिच्या बोटाशेजारी ठेवलं. वहिनीच्या बोटावरचा काळा डागही अजून पुरता गेला नव्हता.

ती बाई वहिनीच्या ओठाकडे बघत राहिली. मग अश्लेषाकडे वळून म्हणाली, "खोडा ते. लावते मी. दिवसातनं चार येळा. बत्तीस वरसं झाली."

अश्लेषाने "नाही" खोडलं.

मागून आवाज आला, "माझंबी खोडा." पहिली साठीची बाई होती ती. रांग सोडून पुन्हा टेबलाशी येऊन उभी राहिली होती. "आणि पत्र धाडू नका आता. काय निघालं तर घरी येऊन सांगा."

"मी स्वतः येईन," अश्लेषा म्हणाली, आणि तिच्या हातात गुळणीचा पेला दिला.